नानांनी ‘थांब’ म्हटले होते

धुडकूनानांनी ‘थांब’ म्हटले होते. मला ते स्वच्छ ऐकू आले होते. पुढे कितीतरी वर्षे मी शेठजींना, पेढीवरच्या माणसांना आणि पुष्कळदा स्वतःलाही उलटे सांगत आलो. मोटार वळवताना चूक माझ्या पायाकडून झाली आणि ती मी नानांच्या डोळ्यांवर ढकलली. हे आधीच सांगून टाकतो. नानांविषयी चार चांगले शब्द लिहून ही गोष्ट शेवटी हळूच उरकून घेणे मला जमणार नाही. वाचणाऱ्याने माझे पुढचे प्रत्येक वाक्य हे ध्यानात ठेवून वाचावे.

नाना आमच्या शेठजींचे मोटार-ड्रायव्हर. शेठजींची पेढी धुळ्याला आणि कापसाच्या जिनिंगचा कारखाना दोंडाईच्याला. सोनगीरवरून जाणारा तो रस्ता नानांनी इतक्या वेळा तुडवला होता की कुठल्या बाभळीपाशी खड्डा आणि कुठल्या विहिरीपाशी वाळू, हे ते डोळे मिटून सांगत. डोळे मिटून सांगत, हे मी सहज लिहून गेलो. खरे कारण मला पुढे कळले.

मी जळगावचा. मॅट्रिक होऊन दोन वर्षे घरी बसलो होतो. वडील माझ्याशी बोलेनासे झाले होते आणि बायको माहेरी होती. अशा वेळी शेठजींनी पेढीवर कारकून म्हणून घेतले. तीन महिन्यांनी त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, “गाडी शिकून घ्या. एक आदमी, दोन काम. धुडकू आता बुढ्ढा झाला.” नाना तिथेच दाराशी उभे होते. त्यांनी ते ऐकले, मान हलवली आणि मला म्हणाले, “चाल भाऊ.”

आपल्या जागी येणाऱ्या माणसाला आपणच तयार करायचे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

बाहेर येऊन त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. पायांकडे पाहिले.

“पायमा काय शे?”

“बूट.”

“काढ.”

“कशाला?”

“पायले बी कान ऱ्हातस भाऊ. झाकू नको.”

ते स्वतः अनवाणीच गाडी चालवत. साठीच्या घरातला उंच, वाळलेला माणूस. डोक्याला लाल पागोटे, खाली धोतर आणि वर खाकी कोट. तो कोट आणि ती मोटार एकाच गोऱ्या साहेबाकडून आली होती. साहेब विलायतेला परत जाताना मोटार शेठजींनी विकत घेतली आणि कोट नानांना असाच मिळाला. त्यापूर्वी वीस वर्षे नाना बैलगाडी हाकत असत. मोटार आली तरी त्यांच्यातला गाडीवान गेला नव्हता. चढावर मोटार दमू लागली की ते जिभेने टक्‌टक् आवाज काढत. मुक्कामाला पोचल्यावर बॉनेटवर हात फिरवीत. पोळ्याच्या दिवशी मोटार धुऊन, तिच्या दिव्यांना झेंडूच्या माळा घालून तिला सावलीत उभी करत आणि त्या दिवशी काही केल्या बाहेर काढत नसत.

“अरे, हे जनावर आहे का?” शेठजी चिडून म्हणत.

“वरीसभर ओढस ना शेठजी? मंग एक दिन बसू द्या तिले.”

आणि शेठजी मुकाट्याने उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने जात. पोळ्याला नानांशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

मोटार पुढे चालवायला मी पंधरा दिवसांत शिकलो. रस्त्यात वळवणे मात्र चार महिने झाले तरी साधेना. त्या रस्त्यांची रुंदी जेमतेम दोन गाड्यांची, दोन्ही बाजूंना पाण्याच्या चाऱ्या. मोटार आडवी करायची, पुढच्या चारीच्या काठाशी थांबवायची, चाक उलटे फिरवून मागे यायचे, मागच्या चारीशी थांबवायची आणि मग पुन्हा पुढे काढायची. सांगायला एवढेच. पण त्या गाडीचे सुकाणू जात्यासारखे जड होते, आणि तिचे पेट्रोल वाढवायचे पॅडल मधोमध, क्लच आणि ब्रेक यांच्या बरोबर मध्ये होते. मागे पाहत मागे येताना माझा पाय दर वेळी गोंधळे.

“पुढे त बैलबी जास,” नाना म्हणत. “रस्ता लई जास त्याले. वळतांना रस्ता कामना नही. तठे तुनं तूच.”

एक दिवस त्यांनी मला मोटारीतून उतरवले. सोनगीरच्या किल्ल्याखाली रस्ता फुटतो तिथे. “आते पायवर वळ,” म्हणाले. म्हणजे मी दोन्ही हात सुकाणू धरल्यासारखे पुढे करून रस्त्यावरून तिरके चालत जायचे, चारीशी थांबायचे, मान मागे वळवून उलटे चालत यायचे, पुन्हा थांबायचे. वीस वेळा. डोक्यावर भांड्यांची पाटी घेतलेली एक बाई उभी राहून पाहू लागली.

“नाना, हाऊ भाऊ काय दखी ऱ्हायना? चवन्नी पडनी का त्यानी?”

“अक्कल पडनी माय. ती दखी ऱ्हायना.”

“सापडनी का मंग?”

“आजून नही. तू घर जाय, सापडनी का सांगस तुले.”

मी लाजेने मेलो. पण त्या दिवसानंतर गाडीची लांबी माझ्या अंगात उतरू लागली.

त्यांचा आणखी एक नेम होता. मोटार वळवायची तर आत माणूस ठेवायचा नाही. शेठजी असोत, त्यांची आई असो, सगळ्यांनी उतरून लांब उभे राहायचे. एकदा शेठजींबरोबर एक मामलेदार होते. ते उतरेनात.

“मी कोण आहे माहीत आहे का तुला?”

“मालूम शे साहेब. म्हनीसन त उतरा म्हनस. वजन शे तुमले.”

शेठजींनी तोंडाला रुमाल लावला. मामलेदार उतरले. नानांनी मोटार वळवली, दार उघडून धरले आणि अगदी अदबीने म्हणाले, “बसा.” या गोष्टी ते स्वतः कधी कुणाला सांगत नसत. सांगायला त्यांना एकच गोष्ट आवडे. ती म्हणजे गाडीला आजवर आपल्या हातून ओरखडा पडला नाही. त्यांचा मुलगा सुकदेव तेव्हा एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होता. तो कधी भेटला की नाना त्याला गाडीभोवती फिरवून आणत आणि म्हणत, “दाखाड माले, कोठे लागेल शे?” तो बोट फिरवून फिरवून शोधी आणि हसत म्हणे, “कोठेच नही बा.”

डोळ्यांचे मला कसे कळले ते सांगतो. शिकवताना ते सारखे विचारत, “समोर काय शे? दगडवर काय लिखेल शे? येस ती गाडी भरेल का रिकामी?” मला वाटे, माझी परीक्षा चालली आहे. मी उत्साहाने उत्तरे देई. पौष महिन्यात एक दिवस ते स्वतः चालवत होते. मधेच त्यांनी करकचून ब्रेक लावला आणि म्हणाले, “वासरू हाकल भाऊ.” मी उतरलो. रस्त्यात वासरू नव्हते. कुणाचे तरी तपकिरी घोंगडे पडले होते.

मी घोंगडे उचलून त्यांच्याजवळ आलो.  त्यांनी सुकाणूवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“दोन वरीस व्हई गयात,” ते म्हणाले. “धुकं पडेल ना, तसं दिसस.”

“नाना, मग तुम्ही गाडी कशी...”

“रस्ता पाठ शे. आनि आते तू शे ना संगे.”

मी शेठजींना सांगेन की काय, ही भीती त्यांच्या तोंडावर उघड दिसत होती. त्या माणसाला मी तोवर कशालाही भ्यालेले पाहिले नव्हते. त्यांनी माझा हात धरला. आमच्या खानदेशात सालदार गड्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुटते. राहायचे असेल तो राहतो, जायचे असेल तो जातो. जुना, इमानी माणूस जायला निघाला तर मालक त्याला चार माणसांत पागोटे बांधून निरोप देतो. नाना मोटारीवर आले तरी मनाने सालदारच होते.

“आखाजीले मी सोताहून सोडसू,” ते म्हणाले. “गाडी तुना हातमा देसू. ओरखडा नही, बोल नही. तोपावत कोनले सांगू नको भाऊ. मनं एवढंच ऱ्हायनं आते.”

“नाही सांगणार,” मी म्हणालो. बोलताना मला खरेच तसे वाटत होते.

आखाजीला दोन महिने उरले होते तेव्हाची ही गोष्ट. शेठजींना दुपारच्या आत दोंडाईचा गाठायचे होते. मुंबईचे व्यापारी यायचे होते. सोनगीर सोडून पुढे गेलो तर नाल्यावरच्या फरशी-पुलावर कापसाच्या एका गाडीचा आस मोडला होता आणि तिच्या मागे पंचवीस-तीस गाड्या खोळंबल्या होत्या. पुढे जाणे शक्य नव्हते. मागे वळून दुसरी वाट धरायची ठरली. शेठजी नेमाप्रमाणे उतरले आणि म्हणाले, “आज भाऊंना वळवू दे.”

नाना म्हणाले, “आज मी वळावसू शेठजी. जागा थोडी शे.”

“मग चार महिने शिकवलं काय?”

नाना सुकाणू सोडून खाली उतरले. शेठजी लांब बाभळीच्या सावलीत जाऊन उभे राहिले. मी सुकाणूवर बसलो. शेठजी बरोबर असल्यामुळे मी त्या दिवशी बूट घातले होते. नाना खिडकीशी वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “बूट.” मी शेठजींकडे पाहिले. त्यांच्यासमोर अनवाणी होण्याची मला लाज वाटली. मी बूट काढले नाहीत.

पुढचे वळण बरे झाले. मग मी मागे येऊ लागलो. नाना मोटारीच्या मागे, जरा बाजूला उभे होते. “ये... ये... हयू... हयू...” आणि मग मोठ्याने, “थांब!”

मी ऐकले. पाय उचलून ब्रेककडे नेला. बुटाची कड मधल्या पॅडलवर अडकली आणि मी सगळा जीव एकवटून तेच पॅडल दाबले.

मोटार उसळून मागे गेली. नानांना बाजूला व्हायला जागा होती. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर उडी मारून निघून गेला असता. पण बैलगाडी मागे घसरू लागली की गाडीवान काय करतो? चाकाचा आरा धरतो आणि खांदा लावतो. आमच्या मोटारीच्या चाकांनाही लाकडी आरेच होते. नानांनी उजव्या हाताने आरा धरला.

मागची दोन्ही चाके चारीत उतरली, खालून काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि मोटार बंद पडली. मग मला नानांचा आवाज ऐकू आला. तो मी इथे लिहीत नाही.

शेठजी धावत आले. कापसाच्या गाड्यांवरची दोन माणसे नानांच्या हाताला धोतराचे फडके बांधत होती. शेठजींनी एकदा मोटारीकडे पाहिले आणि माझ्याकडे वळले. “कोणी केलं हे?”

त्या क्षणी मला जळगावचे घर दिसले. न बोलणारे वडील दिसले. पण तसे पाहिले तर ते मला रोजच दिसत होते, त्याचे निमित्त सांगण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, “शेठजी, नानांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. ते ‘ये, ये’ म्हणत राहिले.”

गाडीवानांतला एक जण म्हणाला, “म्हातारा त थांब म्हने ना वो!”

“तू गप बस,” शेठजी त्याला म्हणाले. मला तेव्हाही तोंड उघडता आले असते. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

शेठजींनी खिशातून घड्याळ काढले आणि नानांच्या तोंडासमोर धरले. “धुडकू, किती वाजले?”

नाना खाली बसले होते. फडक्यातून रक्त ठिबकत होते. त्यांनी मान वर करून त्या घड्याळाकडे फार वेळ पाहिले. एखादा माणूस खोटे का होईना, काहीतरी बोलला असता. उन्हावरून वेळ सांगायला त्यांना काय अवघड होते?

“नही दिसस शेठजी,” नाना म्हणाले.

माझ्याविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत.

धुळ्याच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटे काढावी लागली. लायसनची चोपडी शेठजींनी काढून घेतली. नाना शिरपूरकडे आपल्या गावी गेले. मी दवाखान्यात एकदाही गेलो नाही. आखाजीला नानांना निरोपाचे म्हणून मिळायचे ते पागोटे शेठजींनी माझ्या डोक्याला बांधले आणि पेढीवरच्या सर्वांनी मला शाबासकी दिली. पुढे धुळ्याच्या मोटारस्टँडवर ‘आंधळा धुडकू’ ही एक थट्टाच होऊन बसली. कुणी गाडी वाकडी लावली की म्हणत, “का रे, धुडकूकडे शिकला का?” एकदा माझ्यासमोर म्हणाले, तेव्हा मीही हसलो. पायाची चूक एका क्षणाची होती. पण त्या हसण्याला मला कोणतेच कारण सापडत नाही.

वर्षे गेली. लढाई आली. पेट्रोल मिळेना म्हणून शेठजींची मोटार विटांवर चढवून ठेवली गेली. मग शेठजीही वारले. ज्यांना खरे सांगायला हवे होते ते गेले, तेव्हा मला प्रथम जाणवले की मी मनातल्या मनात रोज ‘उद्या सांगू’ म्हणत होतो.

लढाई संपता संपता मी कामासाठी शिरपूरला निघालो होतो. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. ड्रायव्हरला मी पाठमोरा पाहिला आणि आवाजावरून ओळखले. तो सुकदेव होता. त्याने मला ओळखले नाही. पुढच्या बाकावर एक जागा रिकामी होती. एक उतारू मागे बघून म्हणाला, “अरे, त्या आबाला पुढे घे ना. मागे धक्के बसतात त्याला.”

“बसू द्या त्याले मांगेच,” सुकदेव म्हणाला. “आंधया मानूस. एक शेठनी मोटर पाडीसन बठेल शे. मनी बी पाडी देई.”

लोक हसले. मी मागे वळून पाहिले. अगदी शेवटच्या बाकावर, पोत्यांच्या शेजारी नाना बसले होते. पागोटे होते, कोट नव्हता. डोळे उघडे होते, पण ते कशावरही ठरत नव्हते. उजवा हात धोतराच्या सोग्यात झाकलेला. मुलगा हे सर्व लोकांसमोर बोलत होता आणि त्यांच्या तोंडावर काहीच हलत नव्हते. हे ऐकायची त्यांना सवय झाली होती.

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. “नाना,” म्हणालो.

त्यांनी मान वाकडी करून कानोसा घेतला. “जळगाववाला भाऊ का?”

“हो.”

“पोरंसोरं काय?”

“दोन मुली.”

“बरं शे.”

मी त्यांना सांगितले. कुजबुजतच सांगितले, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने. पाय अडकला, तुमचे ऐकले होते, भ्यालो, खोटे बोललो. नाना ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, “माले काय सांगस? माले त मालूम शे. जेस्ले मालूम नही तेस्ले सांग.”

“सुकदेवला तुम्ही कधी सांगितलं नाही?”

ते खिडकीकडे वळले.

नरडाण्याला मोटार थांबली. सुकदेव खाली उतरून राख झाडू लागला, कोळसा घालू लागला. उतारू पाय मोकळे करायला उतरले. नानांना मी हात धरून उतरवले. मग मी सुकदेवसमोर जाऊन उभा राहिलो आणि माझे नाव सांगितले. शेठजींची गाडी मी पाडली, असे सांगितले. तुझ्या वडिलांनी वेळेवर थांब म्हटले होते, माझा पाय चुकला, आणि शेठजींना मी खोटे सांगितले.

त्याच्या हातात कोळशाचे घमेले होते. ते तो खाली ठेवीना.

“आते सांगतस?” तो म्हणाला. “शेठ मरी गया, बठ्ठं व्हई गयं, आनि आते सांगतस? इतला वरीस मी मना बापले मांगे बसाडं!” आणि एकदम नानांकडे वळून ओरडला, “बा, तू काबर नही सांगं माले?”

“तू कवय इचारं?” नाना म्हणाले.

सुकदेवच्या हातातले घमेले कलंडले. कोळसे रस्त्यावर सांडले. कुणी ते उचलायला वाकले नाही. तो मोटारीला पाठ टेकून खाली बसला आणि काळ्या हातांनी तोंड झाकून घेतले. उतारू आमच्याभोवती जमले होते. मघाशी हसलेला एक जण टोपी काढून उभा होता.

मी नानांच्या समोर रस्त्यावरच गुडघे टेकले. त्यांच्या सोग्यातून बाहेर आलेल्या हाताला तीनच बोटे होती. मी तो हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही आणि माझा हात दाबलाही नाही.

“नाना,” मी म्हणालो, “तुम्ही थांब म्हटलंत ते मी ऐकलं होतं. तुमच्या डोळ्यांचं कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिला होता, आणि माझी चूक झाकायला तोच मोडला. तुमचं नाव मी बुडवलं. मला माफ करा.”

नानांनी मान मोटारीच्या दिशेने वळवली. मोटारीत मागच्या बाकावर दोन बायका पोरांना घेऊन बसून राहिल्या होत्या. त्या सुकदेवच्याच गावच्या असाव्यात. त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचला नव्हता. म्हणून मी उभा राहिलो आणि ते सगळे पुन्हा एकदा, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले.